उतारा क्रमांक चार

चौथ्या उताऱ्यात ‘उसंत’ या शब्दाखाली रेघ होती.
शिष्यवृत्तीची सराव परीक्षा, शनिवार, सकाळची शाळा,
पंख्याला नुसती घरघर, आणि दहालाच
भद्रावती पेठेतले पत्रे चटकायला लागलेले.

‘दगडू कुंभार राबत होता. त्याला उसंत म्हणून नव्हती.’
पर्याय: मजुरी. फुरसत. भूक. झोप.
चारही स्त्रीलिंगी,
म्हणजे ‘नव्हती’वरून काही सुटत नाही.

फळ्यावर मीच शिकवलेलं:
शब्द अडला तर घाबरायचं नाही,
मागचं वाक्य बघा, पुढचं बघा,
माणूस कळतो तसा शब्दही शेजाऱ्यांवरून कळतो.

श्रावंती गुर्रम मागचं वाक्य बघते.
तिथं आई बसलेली,
मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
हजार विड्या वळून न्यायच्या कारखान्यात
आणि त्यातल्या शंभरेक छाट म्हणून परत आणायच्या.
पुढच्या वाक्यात बाप, टॉवेलच्या मागावर,
जिथं खटखटाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही,
सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात.

ती पर्याय लावून बघते.
मजुरी नव्हती. बसतं.
भूक नव्हती. तंबाखूच्या वासानं ती मरतेच, बसतं.
झोप तर बुधवारपासून नाही घरात.
पेन्सिल चारही गोलांवरून हिंडून येते,
खोडरबरानं कागद पातळ होतो.

सूचना: एकच गोल पूर्ण भरावा.

मी बाकांमधून फिरतो. सांगायची मुभा नाही.
तिचे ओठ हलताना दिसतात
आणि मागावर एक दिवसही उभा न राहिलेला मी
ते वाचतो:
तीरिक लेदम्मा, तीरिक लेदु.

पालकसभेला बोलवायला गेलो होतो दिवाळीआधी,
तेव्हा तिच्या आईनं मलाही हेच सांगितलं होतं,
मान वर न करता.
अर्थ मी विचारला नाही.
बोटं थांबली नव्हती तिची, तेवढं पुरलं.

दोन नंबरचा गोल काळा झाला,
काठाबाहेरही थोडा.

पेपर गोळा करताना ती म्हणाली,
सर, त्या कुंभाराचं पुढं काय झालं की?
म्हटलं, उतारा तिथंच संपतो.
ती बॅगेचा पट्टा ओढत उभी राहिली.
‘पण तुम्हीच म्हणला की सर,
पुढचं वाक्य बघा म्हणून.’