शितावरून

मी कापते. चार मायक्रॉन जाडीचा मेणाचा पापुद्रा
कोमट पाण्यावरून काचेवर उचलते,
रंगवते, आधी जांभळा मग गुलाबी,
आणि वरच्या मजल्यावर पाठवते.
नाव देणं डॉक्टरांचं काम.
नावं ठेवणं आमचं, जेवणाच्या सुट्टीत.

ओबियागेली एनुगूहून आली त्या जानेवारीत
डंडीत चारलाच दिवे लागत होते.
तिच्यापाशी सहा वर्षांचा दाखला.
तिकडे तिनं रक्त पाहिलं, जंतू वाढवले, क्षार मोजले,
वीज गेलेल्या खोलीत प्रेतं उघडली,
आणि मग कुठे ऊतींपाशी पोचली.
इथल्या समितीला प्रत्येक केसमागे सही हवी होती.
सही करणारे सर वारले होते.
वह्या वाळवीनं वाचल्या होत्या.
"पुन्हा पहिल्या वर्षापासून?"
"तिसऱ्या. घासाघीस करून."

लाइपझिगचा लोरेन्झ म्हणाला, आमच्याकडे आकडा ठरलेला.
तेवढी शवविच्छेदनं झाल्याशिवाय परीक्षेचं नाव नको.
इथं शवागार पुढेपुढे ऐच्छिक आहे म्हटल्यावर
ती चमचा हातात धरून थांबली:
मेलेल्यांना सोडून दिलं
तर आपल्या चुका आपल्याला कोण सांगणार?

मार्चमधली गोष्ट. दोन डोक्यांचा सूक्ष्मदर्शक,
पलीकडे डॉक्टर किनिअर, मध्ये हिरवा बाण.
स्तनाची सुई-तपासणी. भाताच्या शिताएवढा तुकडा.
ओबियागेली म्हणाली, नॉर्मल.
बाण हलला. एका नलिकेत थांबला.
कडा शाबूत, आत गर्दी.
"हे," किनिअर म्हणाल्या, "इथून सुरू होतं."

मी ट्रे घ्यायला दारात उभी होते.
तिनं डोळे वर केले नाहीत.
तिकडे गाठी यायच्या नारळाएवढ्या,
मेयोनेजच्या बरणीत, बसच्या टपावरून,
बाईनं सगळे उपाय करून झाल्यावर.
डोळ्यांनीच कळायचं. भिंग नुसतं मान डोलवायचं.
शेवट तिला झोपेत ओळखता आला असता.
आरंभ तिच्यापर्यंत कधी आलाच नव्हता.
"असं सुरू होतं तर," ती म्हणाली,
एखाद्या ओळखीच्या माणसाचा
बाळपणीचा फोटो पाहावा तशी.

संध्याकाळी खाली आली. कोट अंगातच.
"तो ठोकळा अजून खोल कापशील?"
निदान तर झालंय, मी म्हटलं.
"मला बघायचंय."

वीस काचा कापल्या.
नोंद केली नाही.