नळीची आवड

तंबाखूचा हंगाम सरला की बाबासाब मुल्लांची वखार
आम्हाला मिळते, रविवारी, दुपारी दोन ते पाच.
निपाणीत एवढी लांब, एवढी बिनवाऱ्याची जागा दुसरी नाही.
दहा मीटर टेपनं मोजलेत. या टोकाला टेबल,
त्या टोकाला वाळूचं पोतं, पोत्यावर पुठ्ठा,
आणि मधल्या हवेत अजून गेल्या सालची शिंक.

समीक्षाची एअर गन मी वाइसमध्ये आवळली,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून, अलगद.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथ चालवली मी,
एक सूत म्हणजे किती, ते माझं नख सांगतं.
पण आज हात नको, श्वास नको, डोळा नको.
आज फक्त नळी
आणि छर्रा.

डब्या पाच.
जर्मन एक, झाकणावर सोनेरी अक्षरं;
तिची किंमत मी समीक्षाच्या आईला सांगितलेली नाही.
एक झेक. दोन पुण्याहून मागवलेल्या.
पाचवी कोल्हापूरच्या दुकानदारानं वर घातली, बिनलेबलाची,
‘न्या, पोरांच्या फुग्यांना होतील.’

छर्रा म्हणजे इवलंसं डमरू.
पुढं डोकं, मध्ये कंबर, मागं परकर.
परकराची कड दुमडली की बाई वाट सोडणारच.
म्हणून आधी काचेवर घरंगळवायचे,
सगळे एकाच वळणानं गेले पाहिजेत.
मग पेडणेकर सराफांचा काटा. ते हसले,
‘शिसं? माझ्या तराजूत?’
पण तोललं. पॉइंट त्रेपन्न. त्रेपन्न. त्रेपन्न. बावन्न.
तो बावन्नवाला चिमटीत धरून मी उजेडात बराच वेळ बघितला.
काही दिसलं नाही.

डबी बदलली की पहिले दहा बार हिशेबात धरायचे नाहीत.
नळीच्या आत आधीच्याचं शिसं बसलेलं असतं;
ते जाऊन नव्याचं बसेपर्यंत ती चाचपडते.
बाबासाब स्टुलावर बसून हे ऐकत होते,
फोनवर बायकोशी उर्दू, दारातल्या हमालाशी कन्नड,
माझ्याशी मराठी, सगळं एकाच घोटात.
‘दहा?’ म्हणाले. ‘लई झाले की हो.’

जर्मन: पाच भोकं, रुपयाखाली चार,
एक कडेनं डोकावतंय.
पुण्याच्या दोन्ही, काय सांगू, तिखट फोडणीला टाकल्यासारख्या.
बिनलेबलाची: चार एकाच भोकात!
पाचवा कुठं? पुठ्ठ्यावर नाहीच.
पोत्याच्या शिवणीत सापडला.
पुन्हा मारले. पुन्हा चार, आणि एक शिवणीत.
मला त्या चारांचा मोह पडला, खोटं कशाला बोलू.
चारांवर विश्वास ठेवून किती कामं केलीत आयुष्यात.

झेककडं कुणाचं लक्षच नव्हतं.
तिनं एक भोक पाडलं, कडा जराशी कुरतडलेली,
आठ आण्याचं नाणं ठेवलं तर पुठ्ठा कोराच वाटावा.
का, ते नळीला विचारा.

मग वाइस सैल केला. समीक्षानं बंदूक खांद्याला लावली,
चौदा वर्षांचा खांदा, त्यावर शाळेच्या दप्तराचा वळ.
तेच छर्रे, तेच अंतर.
पाच बार झाले. पुठ्ठा काढून आणला.
पाच रुपयाच्या नाण्यानं झाकेना.

तिनं दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर धरले,
पत्र्याच्या फटीतल्या उन्हासमोर.
‘मामा, हे एवढं छर्र्याचं,’ ती म्हणाली,
‘आणि हे भोवतीचं उरलंय,
ते मी.’
तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मापं सांगावीत तसं सांगितलं.
मला उत्तर सुचायला हवं होतं. शिंक आली.

पाचला वाळू चाळली.
चपटं झालेलं शिसं, सव्वा किलो,
आता कुठलं जर्मन आणि कुठलं फुग्यांचं ओळखू येत नाही.
बुधवारी सिद्राम भोई येईल वेदगंगेवरून,
जाळ्याच्या कडेला बांधायला वजन नेईल.
तो नेम विचारत नाही.
तोवर डबा टेबलाखाली आहे,
आणि ते दोन पुठ्ठे माझ्या खिशात,
एकावर एक.