अकरा सेकंद

वाल्पाराइसोच्या चढावर, पावाच्या भट्टीच्या डोक्यावर
आमचं रेडिओ केंद्र.
भट्टी रात्री दोनला पेटते,
म्हणून हिवाळ्यात सगळ्यांना रात्रपाळीच हवी असते.
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना
अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेत.
एकावर जुनी किंमत तशीच आहे, पाच वर्षांपूर्वीची.
पाहुणे ती वाचतात, हळहळतात,
मगच मुलाखत सुरू होते.

आमची ताकद एका दिव्याएवढी.
अँटेना नोल्बेर्तोने उभारली,
बंदरातल्या क्रेनवरून निवृत्त झाल्यावर.
सवयीने तिचं तोंड त्याने समुद्राकडे केलं.
त्यामुळे नांगर टाकलेल्या जहाजांवर आम्ही लख्ख ऐकू येतो.
एका फिलिपिनो खलाशाने तर
आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचं पुढे काय झालं
म्हणून पत्र धाडलं होतं.
नगरपालिका मात्र टेकडीच्या आड.
तिथे आम्ही नुसती खरखर.

नगरसेवक ओलावारिया आला तेव्हा
खोलीत पावाच्या वासावर अत्तराचा वास चढला.
विषय आसेन्सोरचा:
रुळांवरून टेकडी चढणारी आमची लाकडी खोली,
तीन वर्षं अर्ध्या उतारावर अडकलेली,
आत कबुतरं.
डोन्या एदुविहेस, वय एक्क्याऐंशी,
पेन्शन आणायला महिन्यातून एकदा उतरते, दोनशे बारा पायऱ्या,
आणि परतताना बटाटे कमी घेते.

मी विचारलं,
दुरुस्तीचे पैसे दोनदा मंजूर झाले. कुठे आहेत?

तो ब्र काढेना.
खाली भट्टीतून ट्रे ओढल्याचा आवाज आला.
त्याची अंगठी टेबलावर दोनदा वाजली.
कुत्रं भुंकलं, जहाजाने भोंगा दिला,
आणि कुणीतरी श्वास घेतला, बहुधा मीच.

मग तो बोलला. चार मिनिटं.
त्यात निविदा होती, प्रक्रिया होती, मागच्यांची पापं होती.

रात्री संकलनाला बसलो.
वेळ मोजकी, पावणेआठला क्वेकाचं पथक येणार,
त्यांची गिटार, त्यांचे रुमाल,
आणि ते कुणासाठी थांबत नाहीत.
नोल्बेर्तो म्हणाला, यास्ना, एक काहीतरी काप.
आम्हाला शिकवलंय की रेडिओवर शांतता म्हणजे मरण,
तीन सेकंदांच्या वर गेली तर गाणं लावायचं.
मी भाषण कापलं.
शांतता ठेवली.

(भाषण रविवारी पूर्ण लावलं, सांगून ठेवल्याप्रमाणे.
कुणी ऐकलं नसावं. रविवारी बाजार असतो.)

मला वाटलं, लोक फोन करतील, रेडिओ बंद पडला म्हणून.
एकच फोन आला, डोन्या एदुविहेसचा.
म्हणाली, मी मोजले. अकरा.
आणि ठेवून दिला.

तिचा भाचा उलीसेस गॅसच्या टाक्या विकतो,
लोखंडी सळीने टाकी वाजवत गल्लोगल्ली फिरतो.
त्याने ते सगळं फोनवर उतरवून घेतलं होतं.
सोमवारी ट्रक खाली नेला,
पालिकेच्या दारात उभा केला,
आणि माझा प्रश्न कर्ण्यावर लावला.
नंतर सळी खाली ठेवली.
खिडक्या एकेक करून उघडल्या.
गॅसवाला का वाजवत नाही,
हे बघायला लोक वाकले.

आसेन्सोर अजून तिथेच आहे.
कबुतरांची दुसरी पिढी.
नोल्बेर्तो म्हणतो, अँटेना थोडी वळवू या,
आणि मग जहाजांकडे बघतो आणि वळवत नाही.

पण पायऱ्यांवर पोरांनी खेळ काढलाय:
अळीमिळी गुपचिळी, तोंड घट्ट मिटायचं,
मनात अकरापर्यंत मोजायचं,
आणि आधी जो बोलेल
त्याने सांगायचं, पैसे कुठे आहेत.

काल खिडकीतून बघितलं,
सहाजण ओळीने बसले होते, गाल फुगवून.
डोन्या एदुविहेस पिशवी टेकवून थांबली होती
त्यांच्या मधल्या पायरीवर,
तिला दम लागला होता
आणि तीही बोलत नव्हती.