अर्धा र

पहिल्यांदा मी चौदाशे ओळी पाठवल्या.
देवनागरी जुळवणारं सॉफ्टवेअर, कुणाच्याच मालकीचं नसलेलं,
कन्नमवार नगरात रात्रीचे दोन, पंखा पाचवर.
वाटलं, सकाळी जग उठेल
आणि विचारेल, कोण ही हेमांगी बोऱ्हाडे?

जग उठलं नाही.
अकराव्या दिवशी हेलसिंकीच्या कुणा इल्मारीचं उत्तर आलं,
दीड ओळीचं :
फार मोठं आहे. लहान करून
पाठवाल का?

खाडीच्या बाजूला चालून आले.
खारा वास, तिवरांत अडकलेल्या पिशव्या.
ती दीड ओळ काही केल्या गिळेना.

मग एक स्वल्पविराम दुरुस्त केला.
खरंच, एकच. माहितीपुस्तिकेत, तिसऱ्या पानावर.
तो घेतला गेला.
मग लोक विचारतात ते तेच ते प्रश्न,
ऑफिसातून आल्यावर त्यांची उत्तरं देत बसले.
कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक बग तपासून व्हायचा.
कामाला नाव नव्हतं,
म्हणून नावं ठेवायलाही कुणी फिरकलं नाही.

मार्चमध्ये माझ्या एका ओळीने
काठमांडूतल्या एका छापखान्याची सगळी बिलं बिघडली.
गप्प बसले असते तर खपलं असतं,
त्या फाइलला तिघांचे हात लागले होते.
लिहिलं : चूक माझी. रात्रीपर्यंत सुधारते.
सुधारेपर्यंत खाली दुधाचे क्रेट आपटायला लागले.
त्या दिवशी इल्मारीने पहिल्यांदा
'हेमांगी' असं लिहून पुढे स्वल्पविराम दिला.

आता एक किल्ली माझ्याकडेही असते.
आभाराच्या यादीत मी सत्ताविसावी,
आणि तिथेच बघा :
बोर्हाडे.
ह चा हात धरून चालणारा र
सरळ त्याच्या डोक्यावर जाऊन बसलेला.
आई म्हणाली, रेशनकार्डावरही तसंच आहे, चालतंय की.

मी चालू दिलं. दोन वर्षं.
दुसऱ्यांचे र लावत होते.

काल जालन्याच्या मुदस्सर तांबोळीने, वय सतरा,
तो र जागेवर आणून पाठवला,
सोबत न मागितलेल्या नऊशे ओळी.
मी टाइप केलं : फार मोठं आहे.
थांबले. पुसलं.

मुदस्सर,
हा र माझ्या आडनावातला आहे.
तेवढा आधी वेगळा काढून देशील?
बाकीचं रविवारी दोघं बसून बघू.