नाणं घालायची लिफ्ट

आज कुणाचाच पियानो बिघडलेला नाही.
चावी, हातोडी, नमद्याचे तुकडे
पिशवीसकट खुंटीवर ठेवून
मी दार ओढून घेतलं.
लामारा म्हणाली, कुठे?
म्हटलं, बस नेईल तिकडे.
तिनं माझ्या कोटाच्या खिशात
दोन अक्रोड टाकले,
जसा काही मी देशोधडीलाच निघालोय.

सोलोलाकीचा उतार पायांना पाठ आहे.
कोपऱ्यावरच्या अंगणात दोरीवर अजून चादरी,
पण जिना नवा, जिन्याला कुलूप,
आणि कुलपाला किल्लीऐवजी आकडे.
वर झिनाइदाबाईंचा काळा पियानो असायचा,
थंडी सरली की त्याचा मधला सा उतरायचा
आणि मला बोलावणं यायचं.
आता तिथे न्याहारीसकट खोल्या मिळतात.
ओले केस पुसत एक मुलगी खिडकीत आली,
मला पाहुणा समजून
हात हलवून गेली.

गुराम चांभाराच्या टपरीत कॉफी विकतात.
मी विचारलं, गुराम कुठे असतो?
पोरगा म्हणाला, कोण?
आणि दुधावर पान काढून दिलं.
कॉफी चांगली होती.
खोटं कशाला सांगू.

मग निळी बस.
जुनी पिवळी बस दार मिटताना
एक सुस्कारा सोडायची, कोमल गंधाराच्या आसपास.
ही नुसती मिटते.
बाजारापाशी कानात हिरवा बिल्ला असलेला कुत्रा चढला,
मधल्या दारापाशी बसला,
पुलापलीकडे उतरून गेला.
कुणी मान वर केली नाही.
आंबट आलुबुखारांची बादली घेतलेली म्हातारी
मला म्हणाली, त्याला निदान ठाऊक तरी आहे
कुठे उतरायचं ते.

नदीनंतर काचेच्या इमारती,
मग सिमेंटच्या.
नव्वदच्या अंधाऱ्या वर्षांत
लोकांनी इथे सज्जे पुढे ओढून खोल्या केल्या:
कुणी विटांच्या, कुणी पत्र्याच्या,
आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी
जुन्या पिवळ्या बसची खिडकी बसवलीय,
अख्खी, सरकत्या काचेसकट.
आत एक बाई कांदा चिरत होती.
मी आपला खालीच उभा राहिलो,
ती सरकवते का बघत.

शेवटच्या थांब्याला सोळा मजल्यांची चाळच म्हणा.
लिफ्टमध्ये लोखंडी गल्ला: दहा तेत्री टाका, मग बटण.
चौदाव्या मजल्यावर नोदारचा पियानो होता,
या लिफ्टमध्ये मावला नव्हता,
सहा जणांनी दोन दिवस
शिव्या मोजत जिन्यानं चढवला होता.
दार उघडलं एसमा नावाच्या बाईनं.
डोंगराकडची माणसं, घर घेतलं चार वर्षांपूर्वी.
पियानो? आहे की.
उतरवायला कोण येणार, म्हणून घरासोबत आला.

वर लोणच्याच्या बरण्या, बाजूला मोजे,
झाकणावर मुलाचा भूगोल.
तिनं भूगोल उचलला.
मी एक पट्टी दाबली, मग दुसरी,
मग दोन्ही हातांनी.
प्रत्येक सूर अर्ध्या स्वरानं खाली,
पण सगळे मिळून, एकाच मापानं.
इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता
आणि आपापसात जुळलेले होते.
हत्यारं आणली नाहीत याचं
मला बरंच वाटलं.
एसमा म्हणाली, खराब आहे ना?
मी म्हटलं, राहू द्या असाच.
तिनं चहा दिला, अंजिराचा मुरंबा दिला,
आणि नोदारचं नाव मात्र तिला माहीत नव्हतं.

उतरताना लिफ्ट पुन्हा नाणं मागते.
खिसे चाचपले. अक्रोड.
एसमाच्या मुलानं दोन्ही घेतले,
हलवून पाहिले, कानाशी धरून,
अगदी धंदेवाईकपणे,
आणि दहा तेत्री माझ्या हातावर ठेवले.

रात्री लामारा विचारते,
अक्रोड खाल्लेस का?
विकले, मी म्हणतो.
आणि फायदा?
चौदा मजले.