पिलबाग

सावद्याच्या काट्यावर रात्री दोनला
अकरा ट्रक उभे, केळीने गच्च,
आणि पडद्यावर एक गोल फिरत होता.
नुसताच.
फेगडे काटेवाले टॉर्च घेऊन खोलीत आले,
‘काय करून राह्यला भो तू?
शंभर टन माल उभा हाये बाहेर, अन् आकडाच पडत नाही.’

मी बॅकअप घेत होतो.
म्हणजे अख्खी वही उराशी धरून बसलो होतो,
आणि तिच्यातच लिहायला बाहेर रांग लागली होती.
बंद केला. काटा हलला.
नक्कल राहिली ती राहिलीच.

नक्कल नसलेल्या रात्री मला झोप येत नाही.
मागच्या श्रावणात डिस्क गेली, तेव्हा दोन दिवसांची वजनं
आम्ही ड्रायव्हरांच्या खिशांतून गोळा केली होती,
घामाने पुसट झालेल्या पावत्यांवरून.

सकाळी वाघोद्याच्या रस्त्याला, फेगड्यांच्या बागेत
द्वारकावहिनी विळ्याने पिलं कापत होत्या.
एका खोडाशी एकच ठेवलं, तेही वरून छाटलेलं.
‘हे कशाला ठेवलं?’
‘पुढच्या सालाले नको का?
पण आईचा घड भुका राह्यला नाही पायजे.
म्हून दाबून ठेवायचं.’

मागच्या खोलीत, खडखडत्या पंख्याखाली
एक जुनं मशीन लावलं.
मोठ्यावर जे लिहिलं जाईल
ते हे मागून लिहील, चार-पाच सेकंद उशिरा,
आणि नक्कल घ्यायची ती याच्यातून.
तीही वेसण घालून.
पहिल्या रात्री वेसण इतकी आवळली
की नक्कल दुसऱ्या दुपारपर्यंत रांगत होती.
सैल केली. जरा जास्तच.
मग तिसऱ्या रात्री जमलं.

चहाच्या टपरीवर फेगडे म्हणाले,
‘आज नाही घेतली वाटते तुझी ती भानगड?’
मी बिस्कीट बुडवलं. बोललो नाही.

नक्कल खरी आहे की नुसती फाईल,
हे बघायला ती एका कोऱ्या लॅपटॉपवर उघडली.
शेवटची नोंद दोन सत्तावन्नची:
वजन आहे, सुटल्याची वेळ रिकामी.
तो ट्रक एव्हाना बऱ्हाणपूर मागे टाकून
नर्मदेच्याही पलीकडे गेला असेल,
ड्रायव्हरने कुठल्याशा ढाब्यावर तोंड धुतलं असेल.
इथे मात्र तो अजून काट्यावरच उभा आहे,
इंजिन चालू,
घड हिरवे.