कोणत्या रानातली अळी

दुकानाच्या ट्यूबलाइटवर आलेला खंडोबाचा किडा
कृतिकानं लोणच्याच्या बरणीत ठेवलाय.
झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं, आत बोरीची काटकी,
तिला उलटा लटकून तो दिवसभर
काहीतरी कबूल करायचं असल्यासारखे हात जोडून असतो.

हलवायानं काचेचं कपाट घेतलं, तशा माश्या मिळेनाशा झाल्या.
तेव्हा ती म्हणाली,
बाबा, रानातली अळी चालंल का ह्याला?

आता हे मलाच विचारायचं का?
मानवतच्या मोंढ्यात सतरा वर्षं झाली,
मी अळीचं औषध विकतो.
औषधच म्हणतो आम्ही. गिऱ्हाईकही म्हणतं,
अळीचं औषध द्या,
जसं काही अळीच तापानं फणफणली आहे.

तरी बिलबुक काढलं.
रामपुरी रस्त्याचं निर्वळांचं सोयाबीन: गुरुवारी नेलं, निळा त्रिकोण.
केकरजवळ्याच्या कापसावर महिन्यात दोनदा, पिवळा.
होगे मास्तर फवारत नाहीत,
पण त्यांचा धुरा शेजाऱ्याच्या वाऱ्याखाली.
हिरव्या त्रिकोणाचा डबा म्हणजे कमी विषारी.
कुणाला कमी, ते डब्यावर लिहीत नाहीत.
अख्खं शिवार माझ्या कार्बन कागदातून
निळं निळं उमटलेलं.

तिला सांगितलं, फवारलेली अळी लगेच मरत नाही.
दिवस-दोन दिवस चालते, कमी खाते, वळवळते.
आणि तुझा हा किडा एवढंच बघतो,
हललं की धरलं.

बांधावरच्या रुईवर पट्ट्यापट्ट्यांची अळी होती,
काळी, पांढरी, पिवळी, लग्नातल्या मांडवासारखी.
तिला कुणी फवारत नाही.
पण ती चीक खाऊन स्वतःच विषाची कोठी झालेली.
शेवग्यावर सुरवंट. केसाळ. नको.

मग चांगली अळी कुठंय, म्हणाली.
मला उत्तर यायला अर्धा दिवस लागला.

हमीदा खालांच्या परसात, मोरीच्या पाण्यावर, एरंड आहे.
खाला हसल्या.
"दवा कायकू मारनेका? पत्ते बहोत हैं.
वो बी खाती, मैं बी घुटने को बांधती."

पानामागं राखाडी अळी, उंटासारखी पाठ काढत चाललेली.
मी हात पुढं केला.
तुम्ही नका.
साबणानं धुतलेत, म्हटलं.
तरी.

तीन दिवस अळी डब्यात ठेवली,
माझ्याच जेवणाच्या जुन्या डब्यात, रोज नवं पान.
काळ्या लेंड्या मोजून वहीत लिहायची: एकवीस, तीस, चौतीस.
हागते म्हणजे बरी आहे, हा तिचा शोध.
माझ्या दुकानातल्या कुठल्याच माहितीपत्रकात तो नाही.

चौथ्या संध्याकाळी
आईच्या भुवयांच्या चिमट्यानं अळी बरणीत सोडली.
किड्यानं मान वळवली. आमच्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं.
जोडलेले हात कधी सुटले ते दिसलंच नाही.
मधूनच धरून, उकडलेलं कणीस खावं तशी
खात गेला. काचेला एक हिरवा थेंब.

कृतिका नाक टेकवून बघत होती.
मान मी फिरवली.
सतरा वर्षांत लिटरवारी विकलं,
मरताना एक अळी पाहिली नव्हती.
मी आपलं बिल फाडायचो.

जेवण झाल्यावर त्यानं एकेक पाय तोंडातून काढून स्वच्छ केला.
काटा न् काटा. घाई नाही.

रात्री पाणी प्यायला उठलो, बरणीपाशी थांबलो.
जिवंत होता.
बोटांना अजून दुकानाचा वास,
म्हणून हात पाठीमागं बांधून उभा राहिलो
आणि तो,
त्याचे पुढं जोडून,
माझ्याकडं मान तिरपी करून बघत राहिला.